आडोसा: सांगलीत समुपदेशनाची खोली सुरू करताना ठेवलेल्या नोंदी

३ जून २०२४

आजपासून स्वतःची खोली. नऊ वर्षं शाळेत समुपदेशक म्हणून काम केलं. आठवड्यातले दोन दिवस ती नोकरी अजून आहे आणि घरखर्च तिच्यावरच चालणार आहे. विश्रामबागेत रस्त्यालगतचा गाळा घेतला. भाडं १२,०००, डिपॉझिट ५०,०००, एजंटाला एक महिन्याचं भाडं. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी, स्टॅम्प वगैरे धरून ३,०००. ११ महिन्यांचा करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, "साध्या स्टॅम्पवर चालतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रंगाला ६,०००, पाटीला ८,५००. पाटीवर मोठ्या अक्षरात "मानसिक आरोग्य समुपदेशन केंद्र", आत दिवा. रात्री कोपऱ्यावरूनही वाचता येते. ती पेटलेली बघितली तेव्हा डोळे भरून आले.

या नोंदी अशीच खोली सुरू करणाऱ्यांसाठी ठेवते आहे. हिशेब खरे आहेत. येणाऱ्या माणसांचे तपशील मात्र बदललेले, एकमेकांत मिसळलेले आहेत आणि जिथे प्रसंग एकाच व्यक्तीचा आहे तिथे तिला विचारून लिहिलंय.

८ जून

पहिली चूक छापूनच आली. ५०० व्हिजिटिंग कार्डांवर नावाखाली "मानसोपचारतज्ज्ञ". मी "समुपदेशक" लिहून दिलं होतं. छापखान्यात कुणाला तरी ते हलकं वाटलं म्हणून बदललं आणि मी प्रूफ न बघता होकार कळवला. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले, औषधं लिहून देणारे डॉक्टर. माझं शिक्षण एम.ए. मानसशास्त्र आणि समुपदेशनाचा डिप्लोमा. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" असंही मला लावता येत नाही, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सगळी कार्डं फाडली. १,१०० रुपये गेले. आपली पदवी काय आणि आपण काय करत नाही, हे आता भिंतीवरच लिहून लावलंय: "इथे औषधं दिली जात नाहीत."

२४ जून

तीन आठवड्यांत चार माणसं, त्यातली दोन ओळखीची. वेळ ठेवलीय संध्याकाळी ५ ते ९, पुण्यातल्या मैत्रिणींची असते तशी. दिवसभर मी रिकामी.

१९ जुलै

काचेतून रोज बघते. एक बाई तिसऱ्यांदा पाटीसमोर येऊन गेली. थांबते, पाटी वाचते, मागेपुढे बघते, पुढे जाते. आज बाहेर जाऊन मी नुसतं हसले तर ती झपाट्याने निघूनच गेली. चूक माझी. जी बाई स्वतःला लपवत उभी आहे तिला रस्त्यात ओळख द्यायची नसते.

समोरचे किराणा दुकानदार चांगले गृहस्थ. त्यांनी सहज सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडं कोण येतंय ते आख्ख्या गल्लीला दिसतंय की." त्यांच्या मते ही जाहिरात होती. मला त्या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही.

२९ जुलै

आठवडाभर कुणी नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या शहराला दुसरं काही सुचत नाही. वेळ मिळाला म्हणून वही काढून बसले. दोन महिन्यांत सात माणसं आली, तेरा भेटी झाल्या. मोठी पाटी, रस्त्यावरचं दार आणि काच या तिन्ही गोष्टी मी पैसे देऊन घेतल्या आणि तिन्ही माणसांना परत पाठवताहेत. कपड्याच्या दुकानाला जे हवं ते मी इथे लावलं.

३१ ऑगस्ट

गाळा सोडला. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता. मालकांशी बोलून एका महिन्याच्या भाड्यावर मिटवलं. तीन महिन्यांचं भाडं ३६,०००, एजंट १२,०००, पाटी, रंग, करार मिळून १७,५०० आणि मिटवण्याचे १२,०००: एकूण ७७,५०० बुडाले. जमा: ९ माणसं, १७ भेटी, ४०० प्रमाणे ६,८००.

नवी जागा त्याच भागात, पण पहिल्या मजल्यावर. भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००. निवडताना एकच गोष्ट पाहिली: या जिन्यानं वर जायला दुसरी किती कारणं आहेत? इथे दातांचा दवाखाना आहे, सीएचं ऑफिस आहे, शिवणकामाचा क्लास आहे. कुणी विचारलंच तर दाढ दुखतेय म्हणता येतं. पाटी छोटी, देवनागरीत, फक्त माझं नाव आणि खोली क्रमांक.

९ सप्टेंबर

गणपती बसलेत, शहरभर आवाज. म्हणूनच एक गोष्ट लक्षात यायला उशीर झाला. आज दुपारी शांत होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आत फरशी पुसणाऱ्या मावशी फोनवर लेकीशी बोलत होत्या. शब्द न् शब्द ऐकू आला. म्हणजे गेल्या आठवड्यात आत कुणी रडत जे सांगितलं तेही बाहेर बसलेल्यानं ऐकलं असणार.

१२ ते २७ सप्टेंबर

हे सविस्तर लिहिते, कारण यात दोन आठवडे आणि बरेच पैसे गेले.

आधी ऑनलाइन काळा खाचांचा फोम मागवला, ५,८०० रुपये. पार्टिशनवर चिकटवला. मग नवऱ्याला आत बसवून नेहमीच्या आवाजात पेपर वाचायला लावला आणि मी बाहेर बसले. अग्रलेख पूर्ण ऐकू आला. फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, पलीकडे जाणारा थांबवत नाही. आवाज थांबवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. हे मिस्त्रींनी सांगितलं, ते अनेक वर्षं डॉक्टरांच्या केबिन बांधतात.

त्यांनी स्टूलवर चढून फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलली आणि मला बघायला बोलावलं. पार्टिशन सीलिंगपर्यंतच होतं. वर स्लॅबपर्यंत दीड फूट मोकळं. आवाज भिंतीतून येतच नव्हता, वरून उडी मारून येत होता. मग जुनं प्लाय काढलं, पत्र्याच्या चॅनलमध्ये रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरून दोन्ही बाजूंनी दुहेरी जिप्सम बोर्ड लावलं आणि भिंत थेट स्लॅबला भिडवली. १९,२०० रुपये.

पुन्हा पेपर वाचन. बरंच कमी, तरी काही शब्द कळत होते. आता दार. पोकळ फ्लश दार आणि खाली बोटभर फट. भरीव दार, चौकटीला रबर, खाली बंद केल्यावर टेकणारी पट्टी: ९,४००. तिसऱ्या वाचनाला नुसती गुणगुण ऐकू आली, शब्द नाहीत. शेवटचा उपाय फुकटातला. बाहेर बाकाजवळ घरातला जुना रेडिओ ठेवला, आकाशवाणी सांगली हळू आवाजात.

क्रम असा ठेवा: आधी सीलिंगच्या वर बघा, मग दार, मग भिंत. फोम घेऊच नका.

१ ऑक्टोबर

वेळा बदलल्या. तासगावहून येणाऱ्या एका ताईंनी सांगितलं, "संध्याकाळी कशी येऊ? घरात काय सांगू?" दुपारी मात्र त्या येऊ शकतात. बाजार, बँक, दवाखाना, कारणं असतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्यातून एकटीनं येणं आता परवडतं. म्हणून तासगाव, कवठे महांकाळ, जतच्या गाड्या कधी येतात-जातात ते स्टँडवर उभं राहून लिहून आणलं आणि त्याला जुळतील अशा वेळा ठेवल्या: ११, १२.१५, १.३०. नोकरदारांसाठी संध्याकाळच्या दोन. एक भेट ५० मिनिटांची आणि मध्ये २५ मिनिटं रिकामी, म्हणजे जाणारा आणि येणारा जिन्यात समोरासमोर येत नाहीत. दिवसाला सात भेटी बसल्या असत्या तिथे पाच बसतात. हा तोटा मुद्दाम घेतलाय.

८ ऑक्टोबर

आजची चूक दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागली.

आठवण म्हणून आदल्या रात्री व्हॉट्सअॅप करते: "उद्या ११ वाजता समुपदेशनाची वेळ आहे." तो फोन घरात सगळ्यांचा होता. सासूबाईंनी वाचलं. सकाळी मला फोन आला, "बाई, आमच्या सुनेला काय वेड लागलंय का?" मी गडबडले आणि "चुकून गेला" म्हणाले. खोटं बोलले, तेही वाईट जमलं. (पुढचं नंतर जोडलंय.) ती मुलगी तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा घरी काय काय ऐकावं लागलं ते तिनं सांगितलं. मी माफी मागितली. तिनं मान हलवली, पण पहिल्यासारखं मोकळं बोलायला अजून वेळ लागेल.

पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये आता नावाच्याही आधी चार प्रश्न आहेत. हा नंबर आणखी कोण बघतं? मेसेज चालेल का? दुसऱ्या कुणी फोन उचलला तर मी कोण म्हणून सांगू? काही गंभीर वाटलं तर कुणाला कळवू? आणि मेसेजमध्ये फक्त "उद्या ११", बाकी काही नाही.

१७ ऑक्टोबर

द्राक्षबागांची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सुरू झाली आणि बागायतदार घरांतल्या चार जणांनी एकाच आठवड्यात वेळ रद्द केली. मला वाटलं माझंच काही चुकलं. मावशींनी समजावलं, त्यांचं माहेर सावळजकडचं. छाटणी ते काढणी घर बागेत असतं, आणि पैसा हातात येतो बाग गेल्यावर, म्हणजे द्राक्षं विकली गेल्यावर. दोघांनी तेच सांगितलं, "मॅडम, बाग गेल्यावर देतो." मी हो म्हटलं, वहीत उधारीचं पान केलं.

१४ नोव्हेंबर

आणखी एक फट. चालू खात्याला जोडलेला क्यूआर कोड लावला होता आणि त्यावर पैसे भरले की समोरच्याच्या मोबाईलमध्ये "समुपदेशन केंद्र" असं नाव उमटायचं. एका ताईंचं खातं नवऱ्याबरोबर जॉइंट. महिन्याचं स्टेटमेंट बघताना त्यानं विचारलं, हे काय आहे? बरं झालं, त्यानं प्रेमानं विचारलं. तोच आता अधूनमधून सोडायला येतो. दर वेळी असं होणार नाही. कोड बदलून फक्त माझ्या नावाचा घेतला. पावती हवी तर देते, न मागता देत नाही.

गेल्या महिन्यात २९ भेटी झाल्या. फी आता ५००, म्हणजे १४,५००. खर्च: भाडं ७,५००, वीज-फोन १,८००, मावशींचा पगार १,५००. अनुभवी मार्गदर्शकांशी पंधरवड्याला व्हिडिओवर केसचर्चा करायचे, त्याचे महिन्याला ३,००० लागायचे. तो खर्च मी सप्टेंबरमध्ये भिंतीपायी थांबवला, अजून थांबलेलाच आहे. पहिल्यांदाच जमा-खर्च जुळलेला दिसतोय.

२८ नोव्हेंबर

पहिल्या भेटीला मी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी देते, मराठीतली. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. काल शेवटच्या वेळेला आलेल्या माणसानं आठ उत्तरं लिहिली आणि नववा प्रश्न कोरा ठेवला. मी दमलेले, गुण नंतर मोजू म्हणून कागद फाईलला लावला. रात्री साडेदहाला घरी मोजायला बसले तेव्हा ती कोरी जागा दिसली.

फॉर्मवर लिहिलं होतं: रात्री फोन नको. मी तासभर फोन हातात घेऊन बसले. अडलं तेव्हा विचारायला मार्गदर्शक होत्या, पण त्यांचं काम मीच थांबवलं होतं. तरीही फोन केला. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: "गुप्तता जिवंत माणसासाठी असते. लाव फोन." त्या माणसानंच उचलला. मी सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतंय का? बराच वेळ शांतता, मग "होय". चाळीस मिनिटं बोललो. त्या रात्री सोबत कोण झोपणार, कीटकनाशकाच्या बाटल्या कुठे आहेत आणि त्या कोण उचलून नेणार, हे ठरवलं. त्यांच्या परवानगीनं भावाशी बोलले. आज सकाळी भाऊ त्यांना मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. औषधं सुरू झाली आहेत.

असा थेट प्रश्न विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. विचारल्यावर माणूस सुटल्यासारखा बोलतो.

बदल, आजपासूनच: कागद माणूस समोर असतानाच वाचायचा. कोरी जागा म्हणजे उत्तर समजायचं आणि तोंडी विचारायचं. फॉर्मवर "रात्री फोन नको" याच्याखाली "जिवाला धोका वाटल्यास करीन" ही ओळ. प्रत्येकाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा, तो रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. मार्गदर्शकांबरोबरची चर्चा पुन्हा सुरू, तो खर्च यापुढे भाड्याच्याही आधी.

१३ जानेवारी २०२५

फॅमिली डॉक्टरांना भेटत फिरते आहे. छातीत धडधडतंय पण ईसीजी नीट, झोप नाही, पोटात सतत गोळा, अशी माणसं आधी त्यांच्याकडेच जातात. एका डॉक्टरांनी सरळ विचारलं, "माझे किती?" मी नाही म्हटलं. डॉक्टरांना पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला २००२ च्या आचारसंहितेनुसार मनाई आहे, हे मला माहीत होतं, पण तिथे बोलले नाही. घरी येऊन वाईट वाटलं, कारण त्या गल्लीत त्यांच्याइतके पेशंट कुणाकडे नाहीत. बाकी तिघांनी मात्र पाठवायला सुरुवात केली आणि त्याला एक साधी गोष्ट कारणीभूत ठरली. त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक माणसाची परवानगी घेऊन मी उलट अर्ध्या पानाचं पत्र देते: भेट झाली, पुढे काय ठरलं, औषधांचा प्रश्न तुमच्याकडे. आतलं काहीही त्यात नाही. एक डॉक्टर म्हणाले, पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कुणी कळवतच नाही.

फी ६००. डिसेंबरमध्ये ४१ भेटी झाल्या.

४ फेब्रुवारी

शाळेतून आलेल्या एका मुलीनं जे सांगितलं त्यानंतर मला पोलिसांना कळवावं लागलं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक शोषण होतंय हे कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. कळवण्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. माझी चूक आधीची. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "इथलं इथेच राहील." अपवाद सांगितले नव्हते. त्या दिवशी तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरू शकत नाही. जबाबाच्या वेळी मी तिच्याबरोबर गेले, पुढेही जाईन.

संमतीपत्राची पहिली ओळ आता अशी आहे: "तुम्ही सांगाल ते माझ्याजवळ राहील. तीन वेळा मात्र मला दुसऱ्याला सांगावं लागेल: तुमच्या जिवाला धोका असेल तर, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार होत असेल तर." न्यायालयाचा आदेश आला तर काय, तेही खाली आहे. मुलांना हे मी वाचून दाखवते आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावते.

२४ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा ११ ला सुरू झाली, दहावीची २१ ला. फोन थांबत नाहीत. आईवडिलांना आत बसायचं असतं. पहिली पंधरा मिनिटं सगळे एकत्र, मग मूल एकटं, हा नियम केलाय. दोन वडील रागावून गेले, त्यातले एक परत आले.

१९ एप्रिल

उधारीचं पान बंद करते आहे. १४ भेटी उधार होत्या, १२ चे पैसे बागा गेल्यावर प्रामाणिकपणे आले. उरलेल्या दोन एकाच माणसाच्या. यंदा बाग साधली नाही, म्हणून ते यायचेच थांबले. देणं लागतो त्याच्यासमोर बसून मन कसं मोकळं करणार? मीच त्यांच्यासाठी जिन्यावर आणखी एक पायरी चढवून ठेवली. त्यांच्याच सांगितलेल्या वेळी फोन केला, देणं संपलंय, तुम्ही या, म्हटलं. ते "बघतो" म्हणाले. यापुढे उधार नाही. परवडत नसेल त्यानं १०० द्यावेत, तेही नसतील तर राहू द्यावेत, आठवड्यात अशा चार जागा राखून ठेवल्या आहेत.

१४ मे

काल दहावीचा निकाल लागला. आधीच्या आठवड्यापासून दोन वेळा मोकळ्या ठेवल्या होत्या. दोन्ही भरल्या, तिसऱ्यालाही बसवलं.

३१ मे

मे महिन्यात ७१ भेटी, त्यातल्या १६ सवलतीच्या. खर्च वजा जाता गाळ्यात बुडालेले पैसे अजून पूर्ण वसूल नाहीत, दिवाळीपर्यंत होतील असा अंदाज आहे. जाहिरातीवर सप्टेंबरपासून शून्य रुपये. नवीन येणाऱ्याला कुणी पाठवलं असं विचारत नाही, स्वतःहून सांगतात. बहुतेकांना बहिणीनं, जावेनं, मैत्रिणीनं हळूच नंबर दिलेला असतो.

त्या पाटीसमोर थांबणाऱ्या बाई मार्चमध्ये आल्या. त्यांनीच सांगितलं की त्या त्याच, आणि हे लिहायला हो म्हणाल्या. आधी दातांच्या दवाखान्यात दाखवून मग माझ्याकडे आल्या होत्या.

शेजारची खोली रिकामी झालीय, दुसऱ्या समुपदेशक मैत्रिणीसाठी ती घेतेय. मिस्त्री आज माप घेऊन गेले. फॉल्स सीलिंगची टाइल या वेळी मीच उचलून बघितली: इथेही वर दीड फूट मोकळं आहे. भिंतीचं काम सोमवारपासून, दार पुढच्या शनिवारी येईल. पेपर वाचून झाल्याशिवाय कुणाला वेळ द्यायची नाही, असं मैत्रिणीला सांगितलंय.